सात वेळा धुतलेलं खमीर

अमिनाबीच्या खटल्यात तीन वर्षं मी पुढची तारीख मागणाऱ्या दरखास्ती लिहिल्या, आणि अमिनाबी आमचीच अशील होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मला कुणी भला माणूस समजायला नको.

हिंगोलीच्या बंडोपंत वकिलांकडे मी, विष्णुपंत, कारकून होतो. निजामाचं राज्य, अदालतीचं सारं कामकाज उर्दूत, आणि माझं उर्दू अक्षर सुरेख. माझ्यापाशी एवढाच काय तो गुण होता, आणि त्याच्यावर माझं दोन वेळचं जेवण त्यांच्या घरी चाललं होतं. वकीलसाहेब सकाळी पूजा आटोपून, गंध लावून बैठकीत लोडाला टेकत. मी खाली सतरंजीवर कलमदान घेऊन बसे. एक्केचाळीस सालच्या उन्हाळ्यात एका सकाळी बुरख्यातली एक पन्नाशीची बाई दारात आली. तिच्या हातात फडकं बांधलेलं एक गाडगं होतं आणि ते ती खाली ठेवायला तयार नव्हती.

ही अमिनाबी. मशिदीजवळच्या भट्टीवाल्या नासेरची बायको. नासेरचे कुलचे आणि नानपाव कळमनुरीपर्यंत जायचे. नाव नासेरचं, पण पीठ फुगवणारं खमीर राखायची ती अमिनाबी. आदल्या वर्षी नासेर वारला, आणि त्याचा धाकटा भाऊ दस्तगीर यानं भट्टीची खोली आपली म्हणून दावा लावला. मुन्सफांनी निकाल लागेपर्यंत खोलीला कुलूप घातलं. अमिनाबी बाहेर, भट्टी आत.

"कुलूप उघडून द्या वकीलसाब, मला दुसरं काही नगं," ती म्हणाली. "भट्टी थंड पडून राहिली. लोक दुसऱ्याचं खायला शिकून राहिले."

"आणि हे गाडग्यात काय?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"खमीर. रोज चारलं न्हाई तर मरून जाईल, म्हणून संगं घेऊन फिरते."

वकीलसाहेब लोडावरून सरळ झाले. मी त्यांच्याकडे सहा वर्षं होतो, अशिलाच्या बोलण्यानं ते असे सरळ झालेले मी कधी पाहिले नव्हते. मला पाणी आणायला पाठवलं. परत आलो तेव्हा ठरलं होतं: अमिनाबीनं फी द्यायची नाही, वकीलसाहेबांनी खटला चालवायचा, आणि अमिनाबीनं रोज सकाळी मागच्या रिकाम्या गोठ्यात येऊन एक काम करायचं.

ते काम म्हणजे काळी, कडक बिअर बनवणं. वकिली शिकताना सिकंदराबादेत एका मित्राकडे साहेबांना तिची चटक लागली होती. तेव्हापासून 'औषध' अशी चिठ्ठी लावलेली पेटी रेल्वेनं येत असे. लढाई सुरू झाली आणि पेट्या बंद पडल्या. मित्रानं कृती लिहून पाठवली होती. जवाला मोड आणून वाळवायचे, थोडे कोळशासारखे भाजायचे, भरडून कढत पाण्यात मुरवायचे, गूळ घालायचा, कडूपणासाठी काडेचिराईत उकळायचं. हे सगळं साहेबांनी स्वतः करून पाहिलं होतं. अडलं होतं खमिरापाशी. डब्यातून मागवलेलं खमीर हिंगोलीला पोहोचेपर्यंत उन्हानं मेलेलं असे, आणि दोन घागरी गोड पाणी नाल्यात गेलं होतं. घरात या प्रकाराला 'काढा' म्हणायचं, असा साहेबांचा हुकूम होता. त्यांच्या पत्नी ताराबाई गोठ्याकडे फिरकत नसत. फक्त एवढंच म्हणाल्या होत्या, की स्वयंपाकघरात वास आला तर मी माहेरी जाईन.

अमिनाबी पाच वेळची नमाजी. बिअर तिनं जन्मात पाहिली नव्हती आणि चाखणार तर मुळीच नव्हती. "मला कुलूप उघडायचं हाय," ती मला म्हणाली. "पिणारे पितील. मी जिवंत ठेवायचं तेवढं ठेवते." मग नाकानं, कानानं आणि एका अंड्याच्या भरवशावर तिनं काम सुरू केलं. अंडं म्हणजे असं, की गोड पाण्यात कच्चं अंडं तरंगतं आणि साखर मरत जाईल तसतसं खाली बसतं. त्या सोवळ्या घरात अंडं शिरलं ते अमिनाबीच्या बुरख्याखालून, आणि ते घागरीत सोडताना मी तोंड फिरवून उभा राहिलो. दुसऱ्या खेपेपासून मीच वाकून बघायला लागलो, ही गोष्ट वेगळी.

पहिली खेप तिनं शिंदीवर लावली. झाडावरून उतरवलेली ताजी शिंदी ओतली आणि दोन तासांत फेस घागरीच्या तोंडाशी आला. वकीलसाहेब हरखून गेले, मला म्हणाले, बाई हुशार आहे. चौथ्या दिवशी घागरीला कान लावून अमिनाबीनं मान हलवली. "हे आंबट होऊन राहिलं. आता थांबणार न्हाई." आठव्या दिवशी साहेबांनी घोट घेतला आणि ताबडतोब गोठ्याबाहेर जाऊन थुंकले.

दुसरी खेप तिनं आपल्या घरच्या खमिरावर लावली. ते तीन दिवस जोमानं चाललं आणि मधेच बसलं. अंडं तसंच तरंगत राहिलं. "ह्याला पिठाची सवय," ती म्हणाली. "इतकं गोड आन इतकं तेज ह्याला सोसत न्हाई. अर्ध्या वाटेत दम तुटला." साहेबांनी ती गुळचट काळी पेज पाहिली आणि थंड आवाजात म्हणाले, "अमिनाबी, दस्तगीरची बाजू तशी भक्कम आहे बरं का." अमिनाबीनं ती घागर नाल्यात रिकामी केली आणि पुन्हा घासायला घेतली.

तिसरा उपाय आमच्याच बैठकीत बसलेला होता. हिंगोलीजवळच्या गोरेगावकडच्या तांड्यावरचा फुलसिंग मोहाची दारू गाळल्याच्या खटल्यात साहेबांचा अशील होता. साहेब सकाळी अदालतीत तो निर्दोष असल्याचं सांगत आणि दुपारी त्याच्याकडून मोहाच्या रांजणातला गाळ मागवत. फुलसिंगनं मडकंभर गाळ आणून दिला, पण त्याला हसू आवरेना.

"बाई, हे तर आमी फेकून देतो. तुमी काय करून राहिल्या?"

"धुऊन राहिले," अमिनाबी म्हणाली.

ती खरंच धूत होती. उकळून गार केलेल्या पाण्यात गाळ ढवळायची आणि थोडा वेळ थांबायची. तळाशी काळी घाण बसे, वर फोलपटं तरंगत. ती वरचं ओतून देई, मधलं दुधासारखं गढूळ पाणी अलगद दुसऱ्या गाडग्यात घेई, आणि खालची घाण टाकून देई. त्या दुधाळ पाण्याचा साका बसला, की त्याला जवाच्या गोड पाण्याचा पहिला घास. दोन दिवसांनी वास घ्यायचा. मोहाचा वास आला, की पुन्हा धुणं. "मोहाचं खमीर लई चिवट हाय पंत. किती बी तेज झालं तरी मरत न्हाई. फक्त त्याला मोह विसरवायचा." चार वेळा धुऊन झालं तेव्हा मला वाटलं, झालं. तिनं गाडगं नाकाशी धरलं आणि म्हणाली, "हाय अजून." सातव्या वेळी मीही वास घेतला. ताज्या मळलेल्या कणकेसारखा, बाकी काही नाही. अमिनाबी हसली. नवऱ्याच्या मागं ती पहिल्यांदा हसली असावी, आणि मलाही उगाच मुलगा झाल्यासारखा आनंद झाला.

ती खेप मार्गशीर्षात लागली. घागरी ओल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरल्या होत्या. अठरा दिवसांनी अंडं तळाला गेलं. साहेबांनी पेला उजेडात धरला, तो इतका काळा की पलीकडचं बोट दिसेना. एक घोट घेऊन ते डोळे मिटून बसले. "सिकंदराबादेत अशी मिळत नाही," म्हणाले. पुढच्या शनिवारी दुपारी त्यांनी गावातल्या दुसऱ्या दोघा वकिलांना बोलावलं. तेव्हा हिंगोलीत दिवाणी कामं घेणारे तिघंच वकील होते, आणि त्या शनिवारपासून तिघंही आमच्या गोठ्याशेजारच्या खोलीत बसू लागले.

सोमवारी अमिनाबीची पेशी होती. साहेब मला म्हणाले, "विष्णुपंत, मुहलत मागा. काही कागद मिळवायचे आहेत, असं लिहा." मी लिहिलं. पुढच्या वेळी साक्षीदार गावाला गेला, असं लिहिलं. त्याच्या पुढच्या वेळी वकिलांची तब्येत. तब्येत ठणठणीत होती, बैठकीत बसून तेच मला मजकूर सांगत होते. पाचव्या दरखास्तीला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खटला संपला की अमिनाबी जाणार, अमिनाबी गेली की घागरी बंद. मी तरीही लिहिलं, चांगल्या अक्षरात लिहिलं. लाज वाटत होती, पण लाज वाटून हात थांबत नाही हे मला तेव्हा कळलं.

अमिनाबी रोज यायची. खमिराला सुट्टी नसते. त्रेचाळीस सालच्या वैशाखात कळमनुरीला तिची लेक अख्तरी बाळंत व्हायची होती. अमिनाबीनं बारा दिवस मागितले.

"आणि खमीर?" साहेब म्हणाले.

"पंत चारतील."

"पंत कारकून आहेत. ह्या उन्हात ते मेलं तर मी मुन्सफांपुढं कोणत्या तोंडानं उभा राहू?"

खमीर मरण्याचा आणि मुन्सफांचा काय संबंध, हे बाईनं विचारलं नाही. गेलीही नाही. तिकडे अख्तरीला मुलगी झाली, ती अमिनाबीनं चार महिन्यांची झाल्यावर पाहिली. त्या बारा दिवसांत ती गोठ्यात बसून घागरींवरची ओली पोती बदलत होती.

खरी गोष्ट तिला कळली ती मात्र भलत्याच तोंडून. पुढच्या सालच्या पावसाळ्यात पेशीच्या दिवशी पुकारा झाला, मी दरखास्त दिली, नवी तारीख पडली. अदालतीच्या व्हरांड्यात दस्तगीर तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि चिडून ओरडला, "भाभी, काहून छळून राहिल्या? तारीख आमी मागत न्हाई, तुमचाच वकील मागतो! काय तो निकाल लागू द्या एकदाचा, मला बी तकलीफ हाय!"

अमिनाबी माझ्याकडे वळली. "खरं हाय का पंत?"

"हो," मी म्हणालो.

"सगळ्या वेळी?"

"सगळ्या वेळी. अकरा."

मला वाटलं, ती शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. ती तिथंच पायरीवर बसली आणि तिनं शांतपणे मला विचारायला सुरुवात केली. दुसरा वकील केला तर? मी म्हणालो, दोघंच आहेत, आणि दोघंही शनिवारी कुठं असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. तिनं मान हलवली. पेले तिनंच धुतले होते. मुन्सफांना जाऊन सांगितलं तर? काय सांगणार, मी म्हणालो. चोरून दारू तुम्हीच बनवता, हात तुमचे आहेत. नाही आले तर? तर खटला साहेब सोडून देतील आणि कुलूप दस्तगीर उघडेल.

"मंग बिघडवते," ती म्हणाली. "खराब निघाली तर काहून ठेवल मला?"

"पण मग चिडून खटलाही सोडतील."

"सोडू द्या. निदान काहीतरी संपल." ती उठली.

दुसऱ्या दिवशी तिनं शिंदी आणली. घागरीत नवं पाणी गार होत होतं. मी दारात उभा राहून पाहत होतो. तिनं शिंदीचं मडकं घागरीवर तिरपं केलं, आणि तसंच धरून उभी राहिली. केवढा वेळ! मग मडकं खाली ठेवून भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. "हात उठत न्हाई पंत. पाणी इतकं चांगलं उतरलं." तिनं डोळे पुसले, आणि धुतलेलं खमीर काढून नेहमीसारखं घागरीत घातलं. ते पाहून मला साहेबांचा नाही, तिचाच राग आला. पहिल्या दोन खेपांनंतर जिनं एकही खेप वाया जाऊ दिली नाही, ती सुटणार तरी कशी?

त्या आश्विनात साहेब एका मोठ्या अपिलासाठी पंधरा दिवस हैदराबादला गेले. जाताना नेहमीप्रमाणे सह्या केलेले चार कोरे कागद मला देऊन गेले. त्यातल्या एकावर अमिनाबीची मुहलत लिहायची होती. मी कागद पुढं घेतला, कलम बुडवलं, आणि लिहिलं की आमचा पुरावा पुरा झाला आहे, आम्हाला आणखी काही सांगायचं नाही, अदालतीनं मेहरबानी करून निकाल द्यावा. लिहिताना मी फार शूर होतो असं नाही. आवरायच्या आत अक्षरं उमटली आणि शाई सुकवायला वाळूही टाकून झाली. दस्तगीरच्या वकिलालाही शनिवारची पडली होती, पण मुन्सफांसमोर हरकत घ्यायला त्याच्याकडे कारण नव्हतं, आणि खुद्द दस्तगीर तर मागून 'व्हय व्हय' करत होता. महिन्यानं निकाल लागला. भट्टी अमिनाबीची.

साहेब तोवर परत आले होते. निकालाची नक्कल त्यांनी दोनदा वाचली आणि माझी ती दरखास्त मागवून घेतली.

"सही माझी आहे," ते म्हणाले. "अक्षर तुमचं."

त्यांनी दरखास्त घडी करून बाजूला ठेवली.

"निकाल चांगला लागला. गावात माझं नाव झालं. तुम्हाला काढून टाकलं तर तुम्ही चार ठिकाणी बोलाल, ते मला नको. आणि तुम्ही आपण होऊन गेलात, तर कोऱ्या कागदावर काय काय लिहिता हे मला मुन्सफांना सांगावं लागेल. तेव्हा कुणीच कुठं जायला नको. उद्यापासून गोठा तुमच्याकडे. तीन वर्षं बघताय, येईलच." एवढं बोलून त्यांनी पानाचा डबा पुढं ओढला. आवाज चढला असता तर बरं वाटलं असतं.

सकाळी अमिनाबी आली ती किल्ली ओढणीच्या टोकाला बांधून. तिनं माझ्यापुढं दोन गाडगी ठेवली.

"डाव्या हाताचं सात वेळा धुतलेलं. उजव्या हाताचं शिंदीचं, परवा लावलं. दिसायला दोन्ही सारखी. वकीलसाबला आठ दिवस कळणार न्हाई." मग तिनं बाहेर पाहिलं आणि आवाज उतरवला. "पंत, मी चांगलं निवडलं, म्हणून माझी तीन वर्षं गेली. तुमी तसं करू नका. शिंदीचं घाला. दोन खेपा नासू द्या. ह्याला जमत न्हाई म्हणून वकीलसाब कंटाळल, गोठा बंद करल, आन तुमी सुटाल. तुमी माझ्यासाठी केलं, म्हणून सांगून राहिले."

ती गेली. मागच्या दारातून भरभर चालत गेली, भट्टीत पहिला विस्तव घालायचा होता तिला.

मी गोठ्यात एकटा. घागरीतलं पाणी बेताचं गार झालं होतं. मी दोन्ही गाडग्यांची फडकी सोडली. शिंदीच्या गाडग्याला पिकल्या फळाचा छान वास येत होता, पण त्याच्यामागून आंबटाची चाहूल लागत होती. तीन वर्षांपूर्वी हा फरक मला कळला नसता. दुसऱ्याला ताज्या कणकेचा वास, आणि मोहाचा मागमूस नाही. विष्णुपंत, मी स्वतःला म्हणालो, बाई शहाणी आहे, तिचं ऐका. दोन खेपांचा प्रश्न आहे. असं म्हणत म्हणत मी शिंदीचं गाडगं उचललं आणि उकिरड्यावर ओतून आलो. मग हात धुऊन, धुतलेलं खमीर घागरीत घालून, घागरीला कान लावून बसलो.

तिसऱ्या आठवड्यात अंडं तळाला गेलं. साहेबांनी पेला उजेडात धरला, घोट घेतला, मिशी पुसली. "वा, विष्णुपंत," ते म्हणाले, "अमिनाबीची आठवणसुद्धा येत नाही."

खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला.